‘खाली’ म्हणजे नेमके कोठे? – सुरतेतील ट्रॅक्टर, तेलाचा दाब आणि मराठी क्रियापद

सीमेपलीकडील मराठी बंधु-भगिनींनो,



सुरत शहराच्या कडेला एका बांधकामावर घडलेला प्रसंग आम्ही स्वतः पाहिला आहे. छोट्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक ट्रॉली जोडलेली होती. हौदा अर्धा उचललेला, रेती निम्मी सांडलेली, आणि फाळक्याची खिटी का अडकली हे पाहण्यासाठी मदतनीस मुलगा हौद्याखाली वाकलेला. मुकादम गुजराती. त्याने लांबून आवाज दिला, “ट्रॉली खाली करो!” चालक आमच्या साक्री तालुक्यातला. त्याने दांडी ओढली आणि हौदा खाली येऊ लागला. मुलाने कसेबसे अंग काढून घेतले. तो वाचला, त्याच्या खांद्यावरचा पंचा मात्र हौद्याखाली दबून राहिला.

मुकादम चुकला नव्हता. गुजरातीत ‘खाली’ म्हणजे रिकामे. त्याला ट्रॉली रिकामी करून हवी होती, म्हणजे हौदा आणखी वर जायला हवा होता. चालकही चुकला नव्हता. मराठीत ‘खाली’ म्हणजे जमिनीकडे. त्यातही आमच्या खानदेशात ‘खाली करणे’ हा प्रयोग रिकामे करण्याच्या अर्थानेही कानावर येतो, त्यामुळे घोटाळा अधिकच दाट होतो. शब्द एक, अर्थ दोन आणि दांडीच्या हालचाली परस्परविरुद्ध. भाषेचा प्रश्न हा साहित्यसंमेलनाच्या मांडवातला प्रश्न आहे, पोटापाण्याशी त्याचा संबंध नाही, असे म्हणणाऱ्या सर्व विद्वानांना आम्ही तो दबलेला पंचा दाखवू इच्छितो.

हा प्रश्न आपला का आहे

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली लक्षावधी माणसे राहतात, हे सुरतकरांना नव्याने सांगायला नको. ती सारीच मागावर किंवा साड्यांच्या बाजारात नाहीत. बांधकामावर रेती-खडी वाहणारे, पाण्याचे टँकर ओढणारे, कामरेज-बारडोलीच्या उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर हाकणारे अनेक चालक मराठी आहेत. धुळे, नंदुरबार आणि डांग येथून ऊसतोडीच्या टोळ्या दर हंगामात दक्षिण गुजरातेत उतरतात. शिवाय सुरतेत कमावलेला पैसा शेवटी गावच्या शेतात जातो. शहाद्याच्या पपईत, रावेरच्या केळीत, शिरपूरच्या कपाशीत दोन ओळींमधून जाऊ शकणारा पंधरा ते तीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आज अनेक घरांनी घेतला आहे, आणि त्याचा हप्ता सुरतेतला भाऊ भरतो.

सीमारेषा तर अशी की, नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे. १ मे १९६० रोजी डांग जिल्हा गुजरातेत गेला. उंबरगाव, नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवे या तालुक्यांतील काही गावेही गेली. गावे गेली, माणसांची जीभ गेली नाही. नवापूर स्थानकावर गाडीची सूचना मराठीतही होते, गुजरातीतही होते. रेल्वेला जे कळते ते ट्रॅक्टर विकणाऱ्यांना का कळू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

‘दाब मुक्त झाल्याचे सुनिश्चित करावे’

एका नव्या छोट्या ट्रॅक्टरबरोबर मिळालेली पुस्तिका एका मित्राने आमच्यापुढे ठेवली. ती इंग्रजीत होती. सोबत ‘मराठी’ म्हणून एक घडीपत्रक होते. त्यातील वाक्ये या साच्याची: “संलग्नक विलग करण्यापूर्वी द्रवचालित प्रणालीतील दाब मुक्त झाल्याचे सुनिश्चित करावे.” आम्ही ते वाक्य मित्राला मोठ्याने वाचून दाखवले. वीस वर्षे ट्रॅक्टर चालवणारा तो माणूस म्हणाला, “दाब मुक्त करायचा म्हणजे हाताने नेमके करायचे काय?”

या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नाही. त्या वाक्यात नामे आहेत, काम नाही. ‘संलग्नक’, ‘विलग’, ‘प्रणाली’, ‘सुनिश्चित’ हे शब्द अक्षराने देवनागरी आहेत, पण शेताच्या बांधावर कोणी ते उच्चारत नाही. हिंदी मसुद्याला मराठी प्रत्यय चिकटवले की मराठी होते, हा समज आधी टाकून दिला पाहिजे.

आमचे म्हणणे एका वाक्यात असे: यंत्राची नामे उसनी घ्यायला हरकत नाही; क्रियापदे मात्र आपलीच हवीत. कारण अपघात नामात होत नाही, क्रियापदात होतो.

हायड्रॉलिक, लिफ्ट, पाईप, पीटीओ, कपलर, ट्रॉली, रोटाव्हेटर हे शब्द गावोगावी रुळले आहेत. त्यांच्या जागी नवे संस्कृत शब्द घडवून पुस्तिकेत घालणाऱ्या आमच्या शुद्धिवादी स्नेह्यांशी आमचा येथे मतभेद आहे. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाबद्दल आम्हांला पूर्ण आदर आहे; ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे सावरकरांचे शब्द आम्ही रोज वापरतो. पण ते कचेरीतले शब्द होत. तेथे शब्द समजायला चार दिवस लागले तरी कोणाचे बोट जात नाही. ट्रॅक्टरच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला चार सेकंदही नसतात.

आणि क्रियापदांचे म्हणाल, तर मराठी शेतकऱ्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपण औत ‘जुंपतो’ आणि औत ‘सोडतो’. ‘कनेक्ट’ आणि ‘डिस्कनेक्ट’ यांना याहून चांगले शब्द कोणत्या कोशात मिळतील? शिवाय जुंपणे आणि सोडणे यांत क्रमाची शिस्त मुरलेली आहे. गाडीच्या दांडीखाली टेकू दिल्याशिवाय बैल सोडू नये, हे पोराला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. भार कशावर उभा राहणार हे आधी ठरवायचे, मग सोडायचे. छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक अवजाराचा संपूर्ण धडा याच एका वाक्यात आहे.

दाब म्हणजे काय, हे कोणी सांगितले?

अवजार तीन बिंदूंवर धरून तेलाच्या जोराने उचलण्याची पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने विकसित केली. १९३६ साली ती फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरवर बाजारात आली आणि १९३९ मध्ये फोर्डच्या कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडली. आज आपल्या गावातला सर्वांत छोटा ट्रॅक्टरही त्याच तत्त्वावर अवजार उचलतो. ट्रॉलीचा हौदा किंवा पलटी नांगर यांना तेल पोचवण्यासाठी वेगळे पाईप असतात आणि ते कपलरने जोडले जातात.

त्या पाईपातील तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १५० किलो किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. मोटारीच्या चाकातील हवा साधारण २ किलोची असते, यावरून कल्पना यावी. हा दाब इंजिन बंद केल्याने आपोआप संपत नाही. हौदा वर असेल तर हौद्याचे सारे वजन सिलिंडरमधल्या तेलावर टेकलेले असते. इंजिन झोपते, तेल जागे असते. अशा वेळी पाईप सोडला तर तेल फवाऱ्यासारखे उडते आणि हौदा खाली येतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. सोडून ठेवलेले अवजार वैशाखाच्या उन्हात पडले की पाईपात कोंडलेले तेल तापून फुगते. दुसऱ्या दिवशी कपलर बसत नाही. बसणार कसा? त्याच्या दोन्ही तोंडांत स्प्रिंगने दाबलेली झडप असते. जोडताना दोन झडपा एकमेकींना आत लोटतात आणि वाट उघडते. एका बाजूला तेल दाबून बसलेले असेल तर हाताच्या बळाने झडप हलत नाही. मग माणूस हातोडा घेतो, किंवा पान्ह्याने पाईपाची चकती सैल करू पाहतो. त्या क्षणी तोंड नेमके तेथेच असते.

तिसरी गोष्ट सर्वांत भयंकर आणि सर्वांत कमी ठाऊक. पाईपाला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तर त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना नीट दिसतही नाही. गळती शोधायला माणूस पाईपावरून बोट फिरवतो, आणि ती धार कातडी भेदून आत जाते. त्यासाठी पूर्ण दाबही लागत नाही. सुमारे ७ किलोचा दाब पुरतो. वर फक्त काटा टोचल्यासारखा ठिपका दिसतो. पहिले काही तास दुखणेही थोडे. म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत मात्र तेल बोटाच्या नसांभोवती पसरून मांस मारत असते. अशा जखमेवर काही तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट, कधी हातही, गमवावा लागतो.

आता भाषेचा मुद्दा पाहा. या जखमेला मराठीत नावच नाही. मजूर दवाखान्यात जाऊन काय सांगणार? “काहीतरी टोचले.” आणि ‘टोचले’ म्हटल्यावर धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले जाणार. त्याने सांगितले पाहिजे ते असे: “जोरात दाबाचे तेल बोटात शिरले आहे, सर्जनला दाखवा.” हे एक वाक्य पाठ असले तर हात वाचतो. आम्ही या जखमेला ‘तेलघुसी’ म्हणावे असे सुचवतो. कोणास याहून सोपा शब्द सुचला तर तो आम्ही आनंदाने स्वीकारू. पण शब्द हवा. ज्या धोक्याला नाव नाही, त्याची भीती कोणी पोराला शिकवू शकत नाही.

आम्हांला हवी आहे ती मराठी

केवळ तक्रार करून थांबणे आम्हांस मान्य नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चिकटवता येईल असा मजकूर आम्ही येथे देत आहोत. कोणाही कारखान्याने तो फुकट घ्यावा. यंत्रागणिक तपशील थोडा बदलेल. तो कारखान्याने भरावा. क्रियापदांना मात्र हात लावू नये.

जुंपताना:

१. सपाट, टणक जागी ट्रॅक्टर उभा करा. गिअर काढा, पीटीओ बंद करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करून चावी खिशात टाका.

२. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये कोणी उभे असेल तर ट्रॅक्टर मागे घेऊ नका.

३. तीन बिंदूंचे अवजार असेल तर आधी डावा खालचा हात, मग उजवा खालचा हात, शेवटी वरची दांडी. प्रत्येक पिनेत खिटी घाला.

४. इंजिन बंद ठेवूनच हायड्रॉलिकची दांडी दोन-चार वेळा पुढे-मागे करा. ट्रॅक्टरच्या बाजूला उरलेला दाब याने उतरतो.

५. कपलरची दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसा. मातीचा एक कणही तेलात जाऊ देऊ नका.

६. कपलर ‘टक्‌’ आवाज येईपर्यंत दाबा. मग पाईप ओढून पाहा. निघाला तर बसला नव्हता.

७. दोन पाईप असतील तर कोणता कोठला हे रंगीत पट्टीने खुणावून ठेवा. अदलाबदल झाली तर दांडी उलटी चालेल: वर म्हणाल तर खाली येईल.

८. माणसे लांब करून, इंजिन मंद ठेवून अवजार दोन-तीनदा सावकाश वर-खाली करा. आतली हवा निघून जाईल. मग तेलाची पातळी पाहा.

सोडताना:

१. अवजार जमिनीवर पूर्ण टेकवा. ते कलंडणार असेल तर आधी टेकू द्या. हौदा वर असताना पाईप सोडू नका.

२. इंजिन बंद करा आणि दांडी पुन्हा दोन-चार वेळा पुढे-मागे करा.

३. आधी पाईप सोडा, मग पीटीओचा शाफ्ट, शेवटी अवजार. वरची दांडी आधी, मग उजवा हात, मग डावा.

४. पाईपांच्या तोंडांना टोपणे लावा आणि पाईप अवजारावर गुंडाळून ठेवा. अवजार सावलीत ठेवा.

नेहमीसाठी:

१. उचललेल्या हौद्याखाली वाकायचे असेल तर आधी हौद्याला लोखंडी टेकू लावा. तेलावर भरवसा नको.

२. गळती बोटाने शोधू नका. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. पुठ्ठा ओला झाला तर पाईप बदला.

३. कपलर बसत नसेल तर हातोडा मारू नका. अवजार सावलीत थंड होऊ द्या. तरीही बसला नाही तर मिस्त्रीला बोलवा.

४. तेल कातडीत शिरले तर दुखो न दुखो, त्याच घडीला शस्त्रक्रिया होणारे रुग्णालय गाठा.

५. ‘खाली करा’ म्हणू नका. ‘रिकामी करा’ किंवा ‘हौदा टेकवा’ म्हणा.

वाचकांनी पाहावे, यात एकही शब्द असा नाही जो चौथी शिकलेल्या चालकाला अडेल. आणि मराठीच्या व्याकरणाने येथे किती काम केले आहे तेही पाहावे. ‘बंद करून’, ‘ठेवूनच’, ‘येईपर्यंत’, ‘आधी… मग… शेवटी’ या रचनांत क्रम आपोआप बांधला जातो. ‘सुनिश्चित करावे’ या प्रयोगात तो विरघळून जातो.

आक्षेप आणि उत्तरे

“गुजरातेत राहता, मग गुजराती वाचा,” असे कोणी म्हणेल. आम्ही गुजरातीचे वैरी नाही. सुरतेतल्या मराठी माणसाने गुजराती शिकावी, बोलावी, तिच्यावर प्रेम करावे. पण ‘खाली’च्या एका शब्दाने काय होते ते आपण वर पाहिले. जवळच्या भाषांतला फसवा शब्द दूरच्या भाषेतल्या अनोळखी शब्दापेक्षा घातक असतो. अनोळखी शब्दापाशी माणूस थांबून विचारतो, फसव्या शब्दावर तो विश्वास ठेवतो. म्हणून गुजराती सूचनेशेजारी मराठी सूचना असणे ही गुजरातीची अवहेलना नव्हे, पूर्तता आहे. सुरत महानगराची प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. ज्या शहराला मराठी मुलांची पाटी दिसते, त्या शहरातल्या विक्रेत्याला मराठी चालकाचा हात दिसू नये काय?

या भूमीला बहुभाषेची परंपराही आहे. सोनगड, व्यारा, कामरेज, नवसारी हा मुलूख बडोदे संस्थानाचा. त्याच संस्थानाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा गुजराती, मराठी आणि इतर भाषांतील शासकीय शब्दांचा कोश सिद्ध केला. राजाला जे कर्तव्य वाटले, ते कारखानदाराला ओझे का वाटावे?

“चालक वाचतातच कोठे?” हा दुसरा आक्षेप. ज्याला कधी वाचण्याजोगे दिलेच नाही, त्याच्यावर न वाचण्याचा आरोप करणे हे उघड ढोंग आहे. आधी द्या, मग मोजा.

“कायद्याने बंधन नाही,” हा तिसरा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्या कलम ८४ नुसार, हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा गैरवापराबाबतचा इशारा वस्तूसोबत नसेल, तर उत्पादक जबाबदार ठरू शकतो. जी सूचना वापरणाऱ्याला वाचताच येत नाही ती ‘पुरेशी’ कशी, हा प्रश्न आम्ही जाहीरपणे विचारतो. तो ग्राहक आयोगापुढेही विचारला गेला पाहिजे.

तर आपण काय करावे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, आम्हीही वाटले. पण ज्या भाषेचे अभिजातपण दिल्लीने मान्य केले, त्या भाषेत ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चार ओळी नसाव्यात, ही गोष्ट पेढ्याची गोडी घालवणारी आहे. शिलालेख आणि ताम्रपट भाषेचे वय सांगतात. ती जिवंत आहे की नाही, हे कामावरच्या माणसाच्या तोंडावरून कळते.

सुरतेतील मराठी मंडळांना आमची विनंती अशी. गणेशोत्सवात एक संध्याकाळ चालक आणि मिस्त्री यांच्यासाठी राखून ठेवावी आणि ट्रॅक्टर मांडवापुढे उभा करून जुंपणे-सोडणे करून दाखवावे. गावी नवा ट्रॅक्टर घेणाऱ्या भावाने मराठी सूचनापत्रक हाती पडल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नये. विक्रेत्याने ‘नाही’ म्हटले तर तसे लिहून मागावे. आणि वरील मजकूर छापून प्रत्येकाने निदान एका ट्रॅक्टरवर चिकटवावा. त्यावर आमचे नाव नको.

तो मुलगा त्या दिवशी वाचला तो नशिबाने. आमच्या भाषेतल्या पोरांनी नशिबावर जगू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सीमेअलीकडील आम्ही